अधिक दोनला बंद, उणे बाराला चालू

घर गरम ठेवणारा आमचा हीट पंप उणे १२ अंशांत व्यवस्थित चालायचा आणि अधिक २ अंशांत गोठून बंद पडायचा. हे एवढं साधं वाक्य माझ्या तोंडी यायला पंधरवडा गेला. मधल्या काळात मी बादल्यांवर बादल्या पाणी ओतलं, फिल्टर दोनदा धुतला, एका तंत्रज्ञाकडून ‘यंत्रात काही दोष नाही’ असं ऐकून घेतलं आणि घरातला एक चांगला उलथना वाकवून ठेवला. उलथन्याचं पुढे येईलच.

पहिल्या दिवशी जाग आली ती नाकाचा शेंडा गार पडल्यामुळे. पहाटेचे साडेपाच. थर्मोस्टॅटला २१ लावलेले, घरात १६. जमिनीलगतच्या जाळीवर हात धरला तर वारा येत होता, पण जेमतेम कोमट. आता कोमट वारा हा हीट पंपाच्या बाबतीत गुन्हा नाही. गॅसच्या भट्टीतून येणारी हवा ५०-५५ अंशांची असते, हीट पंपाची ३२ ते ३८ची. आपली कातडीच त्या सुमाराची, त्यामुळे ती हवा गरम आहे असं हाताला कळतच नाही. पहिल्या हिवाळ्यात मी एवढ्याच कारणासाठी दुरुस्तीवाल्यांना फोन करून स्वतःचं हसं करून घेतलं होतं. म्हणून या वेळी आधी तापमापक शोधला आणि जाळीत धरला. २७. म्हणजे हे मनाचे खेळ नव्हते.

थर्मोस्टॅटच्या पडद्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘ऑक्स’ असं उमटलेलं होतं. ऑक्स म्हणजे जोडीची उष्णता. घरातल्या पंख्याच्या पेटीत विजेवर तापणारी एक पट्टी असते, आमची पाच किलोवॅटची. हीट पंप कमी पडला की थर्मोस्टॅट तिला मदतीला बोलावतो. ही मदत महागडी असते. हीट पंप एक युनिट वीज घेऊन बाहेरच्या हवेतली उष्णता आत उपसून आणतो आणि घरात अडीच-तीन युनिटांइतकी ऊब टाकतो. पट्टी एका युनिटाला एकच युनिट देते, भिंतीत खोचलेल्या साध्या हीटरसारखी.

‘‘हा शब्द इथे कधीपासून आहे?’’ मी नवऱ्याला विचारलं.

‘‘असतोच की तो,’’ पांघरुणातून उत्तर आलं.

नसतो. मीटरचे रोजचे आकडे काढून बघितले. हिवाळ्यात एरवी आमचे दिवसाला ४५ ते ५० युनिट होतात. गेले चार दिवस ७०, ८५, १०४, ११८ असे चढत गेले होते. ११८ भागिले २४ म्हणजे तासाला पाचच्या जरा खाली. गणित इतकं स्वच्छ जुळत होतं की बाहेर जाऊन बघायचीही गरज नव्हती: बाहेरचा डबा, म्हणजे हीट पंपाचा घराबाहेर बसवलेला भाग, काहीच करत नव्हता, सगळं घर एकट्या पट्टीवर चाललं होतं. चार दिवस आम्हाला पत्ता लागला नाही, कारण पट्टी इमानदारीने काम करत होती. पाचव्या रात्री तिचाही जीव पुरेना आणि घर उतरायला लागलं.

तरीही गेलेच बाहेर. डबा ओळखू येत नव्हता. तिन्ही बाजूंच्या जाळीवर बोटभर जाडीचा पांढरा थर, वर पंख्याच्या जाळीतून खाली लोंबणाऱ्या बर्फाच्या सुया, आणि पंख्याचं एक पातं बर्फात रुतलेलं. बाहेर पारा अधिक २ वर होता. झाडांवर, गाडीच्या काचेवर कुठेच बर्फ नव्हता. फक्त याच्याच अंगावर.

बर्फ का होतो ते मला ढोबळ माहीत होतं. हीट पंप म्हणजे उलटा चालणारा एसी. हिवाळ्यात बाहेरची कॉइल, म्हणजे वायू फिरवणाऱ्या नळ्यांचं वेटोळं, थंड होते आणि आतली गरम. बाहेरच्या हवेतून उष्णता ओढायची तर कॉइल त्या हवेपेक्षा गार हवी. आत फिरणारा वायू, आमच्याकडे आर ४१० ए, साध्या वातावरणीय दाबाला उणे ५१ अंशांच्या आसपासच उकळतो. म्हणून उणे १५च्या हवेतही त्याला उकळण्यापुरती उष्णता मिळते. पण या व्यवहारात कॉइल हवेपेक्षा पाच-सात अंशांनी गार राहते, आणि हवेतलं बाष्प तिच्यावर येऊन बसतं. हलकी पांढरी खर पडणं अगदी नेहमीचं. ती घालवण्यासाठी यंत्र अधूनमधून स्वतःच उलटं फिरतं: वायूची दिशा बदलणारा रिव्हर्सिंग व्हॉल्व्ह सरकतो, बाहेरचा पंखा थांबतो, गरम वायू काही मिनिटं बाहेरच्या कॉइलमध्ये जातो, बर्फ वितळतो, पाणी खालच्या भोकांतून निघून जातं. याला डीफ्रॉस्ट म्हणतात. आमच्या डब्याचं हेच घोडं कुठेतरी अडलं होतं. पण हे मी आत्ता इतकं सरळ सांगते आहे. त्या पहाटे माझ्या डोक्यात एकच होतं, बर्फ काढा.

भिंतीवरचा बाहेरचा स्विच बंद केला. तेवढं शहाणपण केलं. मग आत जाऊन उलथना आणला.

कॉइलच्या नळ्यांवरच्या अॅल्युमिनियमच्या पात्या किती मऊ असतात याची कल्पना येण्यासाठी सांगते: नखाने दाबलं तरी वाकतात. एका पातीपासून दुसरीपर्यंत दीड-दोन मिलिमीटरची फट, आणि सगळी हवा त्या फटींतूनच जायची असते. मी डाव्या कोपऱ्यात उलथन्याची कड घालून जोर लावला. बर्फाचा तळहाताएवढा पोपडा निघाला, आणि त्याच्याखालच्या सगळ्या पात्या आडव्या झोपल्या. त्यांच्यामागच्या तांब्याच्या नळीला भोक पडलं असतं तर सगळा गॅस गेला असता आणि ही हकिगत फार लांबली असती. उलथना वाकला ते बरंच झालं म्हणायचं.

त्यानंतर पाणी. उकळतं नाही, हाताला सोसेल इतपत गरम. वरून हळूहळू, अकरा बादल्या. बर्फ पापुद्र्यापापुद्र्याने घसरत खाली आला. अर्ध्या तासाने स्विच लावला, पंखा फिरला, जाळीत ३४ अंश आले आणि मी विजयी मुद्रेने हात पुसले. संध्याकाळी डब्यातून खर्र खर्र आवाज यायला लागला. मी ओतलेलं पाणी खालच्या तबकात साचून गोठलं होतं आणि पंख्याची पाती त्या बर्फाला घासत होती. परत स्विच बंद, परत बादल्या. तबकाची भोकं पानांच्या चिखलाने बुजलेली होती. एका बारीक काडीने ती मोकळी केली.

दोन दिवसांनी डबा पुन्हा पांढरा झाला.

आता तंत्रज्ञाला बोलावणं आलं. तो येईपर्यंतच्या दोन दिवसांत मी जे सगळे सांगतात ते केलं, म्हणजे आतला फिल्टर काढून धुतला. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण इथे त्याचा संबंध नव्हता हे मला नंतर उमजलं. फिल्टर तुंबला तर उन्हाळ्यात आतली कॉइल गोठते, कारण तेव्हा ती थंड बाजू असते. हिवाळ्यात ती गरम बाजू असते. तेव्हा तुंबलेल्या फिल्टरमुळे उष्णता तिथेच अडते, दाब वाढतो आणि यंत्र जास्त दाबाच्या स्विचवर बंद पडतं. बाहेर बर्फाचा डोंगर उभा राहायला फिल्टर जबाबदार नसतो. आमचा फिल्टर तसाही महिन्याभरापूर्वीचाच होता. तरी धुतला. धुतल्याने निदान हाताला काम मिळालं.

तंत्रज्ञ आला त्या दिवशी पारा उणे ९, आकाश निरभ्र, आणि डबा अगदी कोरडा ठणठणीत. दुखणाऱ्या दाताने डॉक्टरच्या दारात गप्प बसावं तसा. माणूस कामाचा होता, घाईतला नव्हता. यंत्राचा कारभार चालवणाऱ्या बोर्डावरचा एलईडी किती वेळा लुकलुकतो ते मोजून त्याने सांगितलं की कमी दाबाचा स्विच तीनदा पडल्याची नोंद आहे. तीनदा दाब घसरला की हा बोर्ड कॉम्प्रेसरला कुलूप लावतो आणि वीज तोडून पुन्हा जोडेपर्यंत उघडत नाही. म्हणजे माझ्या पाण्याने बर्फ गेला हे खरं, पण यंत्र सुरू झालं ते मी स्विच बंद-चालू केल्यामुळे.

कमी दाब म्हटल्यावर पहिला संशय गॅसवर जातो. मलाही वाटलं, गळती असणार. त्याने मान हलवली. त्याचं म्हणणं असं: गॅस कमी असला की कॉइलचा एखादाच भाग गोठतो, बहुतेक खालचा, जिथून वायू आत शिरतो, बाकीची कॉइल उघडी राहते. माझ्या फोनमधल्या फोटोंत बर्फ सगळीकडे सारखा होता. तो फोटो मी खरं तर नातेवाइकांना दाखवायला काढला होता. सारखा बर्फ म्हणजे वायू सगळीकडे पोचतोय, फक्त बर्फ निघत नाहीये. आणि बर्फाने फटी बुजल्या की हवा थांबते, वायूला उकळायला उष्णता मिळत नाही, दाब पडतो. दाब पडला तो बर्फामुळे, उलटं नाही.

मग त्याने डीफ्रॉस्टच तपासला. बोर्डावरच्या दोन चाचणीच्या खुंट्या जोडल्या आणि यंत्राला जबरदस्तीने उलटं फिरवलं. फुस्स आवाज झाला, पंखा थांबला, कॉइलमधून वाफ निघाली. सगळं जसं व्हायला हवं तसं. शेवटी यंत्र थांबवून त्याने कॉइलचं तापमान बोर्डाला कळवणाऱ्या सेन्सरची तार बोर्डावरून काढली आणि मल्टिमीटर लावला. ५२ हजार ओहम. त्याच्या तक्त्यात उणे ९ अंशांसमोर साधारण तेवढाच आकडा होता. सेन्सर ठीक, व्हॉल्व्ह ठीक, बोर्ड ठीक. परत झालं तर बोर्ड बदलून बघू, म्हणाला आणि गेला.

हा ५२ हजारांचा आकडा लक्षात ठेवा. तो खरा होता आणि त्यानेच आम्हा दोघांना फसवलं.

पुढच्या आठवड्यात मी फ्रिजच्या दारावर एक कागद लावला. दिवस, वेळ, बाहेरचं तापमान, हवा कशी, डब्यावर बर्फ किती, मीटर किती. बोर्ड बदलण्याआधी निदान काहीतरी हातात असावं, एवढाच विचार. कागद असा भरत गेला: मंगळवार, अधिक ३, धुकं, दुपारी चारला निम्मा डबा पांढरा. बुधवार, अधिक १, भुरभुर पाऊस, रात्री नऊला पूर्ण पांढरा, आठ बादल्या. गुरुवार, उणे ८, ऊन, काही नाही. शुक्रवार, उणे १२, काही नाही. शनिवार, अधिक २, ढगाळ, पुन्हा बर्फ.

शनिवारी रात्री त्या कागदासमोर उभी राहून मी चिडले. थंडी वाढली की बरा होतो आणि कमी झाली की आजारी पडतो, हे काय यंत्र आहे? काही काळ मी मनाची समजूत घातली की थंडीत बरा राहतो तो आदल्या दिवशीच्या माझ्या बादल्यांमुळे.

अर्धं उत्तर शाळेतल्या विज्ञानात होतं. गार हवेत बाष्प मावत नाही. अधिक ३ अंशांच्या ओल्या हवेत घनमीटरला सहा ग्रॅमच्या आसपास पाणी असतं. उणे १५ला दीड ग्रॅमसुद्धा जेमतेम. म्हणजे कडाक्याच्या थंडीत कॉइलवर बसायला बर्फच कुठे असतो? हीट पंपाचा खरा वैरी शून्याच्या जरा वरची धुक्याची, पावसाची हवा. पण हे अर्धंच उत्तर. कारण धुक्याचे दिवस गेल्या हिवाळ्यातही होते आणि तेव्हा एक बादलीही ओतावी लागली नव्हती.

उरलेलं अर्धं सासूबाईंकडून आलं, आणि त्यांना काही सुचवायचं म्हणून नाही. त्यांची खुर्ची त्या बाजूच्या खिडकीशी असते. पहिल्या हिवाळ्यात एकदा त्या, ‘‘अगं, पळ, डबा पेटला!’’ म्हणून ओरडल्या होत्या. डीफ्रॉस्टची वाफ होती ती. नंतर त्यांना सवय झाली, इतकी की वाफ निघाली की त्या नुसत्या ‘‘आला याचा धूर’’ म्हणायच्या. रविवारी सकाळी मी कागदावर काहीतरी खरडत असताना त्या म्हणाल्या, ‘‘बंद पडतो ते पडतो, पण दिवसा कसा गप्प असतो आता. तो फुस्स आवाज नाही की काही नाही. रात्री मात्र झोपमोड करतो मेला.’’

‘‘आई, रात्री करतो? रोज?’’

‘‘रोज कुठे? जास्त थंडी असते तेव्हा.’’

मी पेन खाली ठेवलं.

त्या दिवशी अधिक २ होते, हवा दमट. मी त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले, घड्याळ मांडीवर. पुस्तिकेप्रमाणे आमच्या बोर्डाचा नियम असा: कॉम्प्रेसर ६० मिनिटं चालला आणि कॉइलचा सेन्सर शून्याच्या खाली असला की डीफ्रॉस्ट सुरू. कॉइल १८ अंशांपर्यंत तापली की बंद. नाही तापली तर दहा मिनिटांनी बंद. पाऊण तासाने मी बाहेर जाऊन कॉइलला नाक लावण्याइतकी जवळून पाहिली. पात्यांच्या कडांवर आधी मिठाच्या दाण्यांसारखी खर होती. थोड्या वेळाने ते दाणे लांबट होऊन एकमेकांकडे झुकले. दोन पात्यांमधली फट आधी गाळलेल्या अक्षरासारखी अधूनमधून बुजली, मग ओळच्या ओळ. पंख्याचा आवाजही बदलत गेला, मोकळ्या घरघरीवरून घुसमटलेल्या घुं-घुंवर. घराबाहेर लावायचा तारेचा तापमापक मी पात्यांत खोचला: उणे ५. हवा अधिक २, कॉइल उणे ५. एक तास झाला, सव्वा झाला, दीड झाला. फुस्स नाही.

बोर्डाला जर कॉइल उणे ५ दिसत असती तर तो तासाभराने उलटा फिरायलाच हवा होता. फिरला नाही, म्हणजे त्याला उणे काहीतरी दिसतच नव्हतं.

तीन दिवसांनी रात्री पारा उणे ११ वर गेला तेव्हा मी परत खुर्चीत बसले, या वेळी एकटीच, दिवे मालवून. तास झाला आणि फुस्स! वाफ निघाली. मी घड्याळ चालू केलं. कॉइलवर बर्फ नखाएवढाही नव्हता. दोन-तीन मिनिटांत संपायला हवं होतं. पण वाफ येतच राहिली. बरोबर दहा मिनिटांनी थांबली. पुढच्या तासाला परत दहा. त्याच्या पुढच्या तासालाही दहा. कॉइल तापून कधीच चुकली असेल, आणि बोर्ड मात्र ती तापण्याची वाट बघत वेळ संपेपर्यंत बसून राहत होता.

म्हणजे त्याला थंडीही नीट कळत नव्हती आणि ऊबही. त्याला फक्त बाहेरची हवा कळत होती. हवा अधिक २ असली तर तो समजायचा, कॉइल अधिक २ आहे, बर्फाचा प्रश्नच नाही. हवा उणे ११ असली तर समजायचा, कॉइल गोठली, उलटे फिरा. अंधारात एकटीला हसू आलं. रात्री दीड वाजता हसण्यासारखं दुसरं काही आयुष्यात घडलेलं नाही माझ्या.

सकाळी फोन हातात घेऊन डब्याच्या बाजूच्या जाळीच्या फटीत घातला आणि दिवा लावून अंदाजाने फोटो काढले. पहिले आठ नुसते काळे. नवव्यात कॉइलच्या वळणाच्या नळ्या दिसल्या, आणि त्यांच्यापासून चार बोटं दूर हवेत लोंबणारी एक काळी तार. टोकाला तांब्याची बारीक कांडी.

तंत्रज्ञाला तोच फोटो पाठवला आणि सोबत दोनच ओळी: अधिक २ला दीड तास डीफ्रॉस्ट नाही, उणे ११ला बरोबर दहा-दहा मिनिटं. त्याचं उत्तर लगेच आलं. बोर्ड आणत नाही, क्लिप आणतो.

त्याने बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं तेव्हा मी शेजारी उभी होते. सेन्सर कॉइलच्या नळीवर एका स्प्रिंगच्या क्लिपने घट्ट बसलेला असतो आणि वरून फोमची पट्टी असते, हवेपासून झाकायला. क्लिप खाली तबकात, पानांच्या चिखलात पडलेली होती. फोमचा तुकडा कुठे गेला कोण जाणे. त्याने सेन्सर नुसता परत बसवला नाही, हे मला आवडलं. आधी म्हणाला, एका ग्लासात बर्फ आणि पाणी आणा. बर्फ जास्त, पाणी फटी भरण्यापुरतं. कांडी त्यात बुडवली, चमच्याने ढवळलं, मल्टिमीटर लावला. आकडा चढत गेला, २०, २६, ३०, आणि ३२ हजार सहाशेच्या आसपास येऊन टेकला. मग कांडी काढून त्याने मुठीत धरली. आकडा भराभर उतरून दहा हजारांच्याही खाली गेला. या जातीचा सेन्सर गार पडला की त्याचा विजेला होणारा रोध वाढतो, तापला की उतरतो. २५ अंशांना दहा हजार, शून्याला साडेबत्तीसच्या पुढेमागे. आमचा अगदी ठणठणीत होता. फक्त चुकीच्या जागी उभा राहून खरं बोलत होता.

तेव्हा मी त्याला पहिल्या भेटीतल्या त्या ५२ हजारांबद्दल विचारलं. तो थोडा ओशाळला. यंत्र बंद करून मोजलं होतं ना. यंत्र बंद असलं की कॉइलचं आणि हवेचं तापमान एकच. सेन्सर नळीवर बसलेला असो की हवेत लोंबत, आकडा तोच येणार. आणि खुंट्या जोडून केलेल्या चाचणीत सेन्सरला बर्फाबद्दल कोणी विचारतच नाही. ती चाचणी म्हणजे व्हॉल्व्ह आणि पंखा हुकमाप्रमाणे वागतात का एवढीच. चालू यंत्रावर मोजलं असतं तर पाच मिनिटांत सापडलं असतं, असं तोच म्हणाला. मी काही बोलले नाही. मलाही सापडायला पंधरा दिवस लागलेच होते.

नवी क्लिप, नवा फोम, तारेला प्लास्टिकची एक पट्टी बांधून नळीशी आवळलेली. दहा मिनिटांचं काम.

‘‘ही निघाली कशी असेल?’’ मी विचारलं. कंपनाने सैल होतात कधी कधी, म्हणाला. किंवा कोणी आत काही घातलं असेल तर.

आता हे लिहायला हरकत नाही. पानगळीच्या दिवसांत डब्याच्या तबकात पानं साचली होती आणि मी एका लांब तारेचा आकडा करून ती जाळीच्या फटीतून ओढून काढली होती. एकदा आकडा कशात तरी अडकला होता. मी हिसका दिला होता. सुटला म्हणून बरं वाटलं होतं. त्याच्यासमोर मी, ‘‘असेल, कंपनानेच असेल,’’ असं म्हणाले, आणि नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, कारण तो आकडा त्यानेच मला करून दिला होता.

त्याच संध्याकाळी पारा अधिक १वर होता, हवा भिजलेली. एकाहत्तराव्या मिनिटाला फुस्स झालं. सासूबाईंनी खुर्चीतूनच, न वळता, ‘‘आला याचा धूर,’’ म्हटलं. मी घड्याळ लावलेलं होतं: तीन मिनिटं चाळीस सेकंद. पाण्याची धार भोकांतून पडताना दिसली. पुढच्या वेळी चार मिनिटं पाच. दुसऱ्या दिवसाचं मीटर ४८. कागदावरची ती शेवटची नोंद.

राहिला होता डावा कोपरा. झोपलेल्या पात्या उभ्या करायला एक दातेरी फणी मिळते, पात्यांच्या अंतराप्रमाणे वेगवेगळ्या दातांची. ती आणली. स्विच बंद करायचा, फणीचे दात वाकलेल्या भागाच्या वर, जिथे पात्या अजून सरळ आहेत तिथे अडकवायचे आणि केस विंचरावेत तसं हलकेच खाली ओढायचं. जोर लावला की पाती फाटते. थंडीत बोटं बधिर होत असल्याने एका वेळी वीसेक मिनिटंच जमतं. तीन संध्याकाळी झाल्या. तळहाताएवढ्या जागेतली निम्मी पाती उभी राहिली आहे. उरलेल्या अर्ध्यात उलथन्याच्या कडेची सरळ रेघ अजून दिसते.